लूना थांबली, एक्सएल धावते आहे: स्वस्त गाडीचं एक प्रकरण

1972 साली पुण्याच्या दोन कंपन्यांच्या दोन गाड्या बाजारात आल्या. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना. दोन्हींचं मूळ इटलीतल्या पियाज्यो कंपनीत होतं. चेतक व्हेस्पा स्प्रिंटवर बेतलेली, तर लूना पियाज्योच्याच ‘चाओ’ नावाच्या मोपेडवर. चेतकचं कौतुक आपल्याकडे भरपूर झालं आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला रोजचं जाणं-येणं कसं परवडतं, हे समजून घ्यायचं असेल तर लूनाचं प्रकरण पाहायला हवं.

या प्रकरणातला प्रश्न असा. लूना सगळ्यात कमी ऐपतीच्या गिऱ्हाइकासाठी काढली होती. ती घराघरांत गेली आणि तिचं नाव मोपेड या अख्ख्या जातीलाच पडलं. शतक बदलताना मात्र तिचं उत्पादन थांबलं. तिच्यानंतर आठ वर्षांनी तमिळनाडूतल्या होसूरहून निघालेली टीव्हीएसची मोपेड तितकीच हळू, तितकीच साधी आणि टू-स्ट्रोकच होती. प्रदूषणाचे नियम दोघींना एकच होते, समोर आलेल्या स्कूटरीही त्याच. तरी टीव्हीएसची मोपेड आज ‘एक्सएल 100’ या रूपात वर्षाला लाखांनी विकली जाते. एक संपली आणि एक टिकली, असं का झालं?

1972 चं गिऱ्हाईक

तेव्हा दुचाकी घ्यायची म्हणजे आधी रांगेत उभं राहायचं. कुठल्या कारखान्यानं वर्षाला किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरत होतं, आणि स्कूटर कुणाला, कधी आणि कोणत्या भावात मिळणार यावरही सरकारी नियंत्रण होतं. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट पाहायची. बजाजच्या स्कूटरसाठी ही वाट कित्येक वर्षांची असायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला गळ घातली जाई. नंबर लागलेली गाडी शोरूमच्या दारातच जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देणारेही होते. साताऱ्याची प्रिया, लखनौची विजय सुपर ही नावं थोडी पुढे आली, पण रांग काही संपली नाही.

या रांगेच्या खालच्या टोकाला सायकल होती. मधली जागा जवळजवळ मोकळी होती. तिरुपतीला फ्रेंच सहकार्यानं बनणारी सुवेगा होती, पण महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराच्या घरी रुळेल अशी गाडी नव्हती. हस्तीमल फिरोदिया यांनी या मोकळ्या जागेत पाय ठेवला. फिरोदिया कुटुंब मूळचं नगरचं. त्यांचे भाऊ नवलमल फिरोदिया बजाज टेम्पोत होते. हस्तीमल यांचा मुलगा अरुण फिरोदिया आयआयटी मुंबई आणि अमेरिकेतली एमआयटी करून आलेला इंजिनिअर होता. कायनेटिकचा कारखाना नगरला उभा राहिला. त्या कोरडवाहू, कामाला आसुसलेल्या जिल्ह्यात कारखाना निघाल्यामुळे काय बदललं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे थांबत नाही.

लूनाची किंमत साधारण दोन हजार रुपये होती. इंजिन 50 सीसीचं, टू-स्ट्रोक, आणि सोबत सायकलसारखे पायडल. स्टँडवर लावून पायडल मारायचं, इंजिनानं जीव धरला की निघायचं. गिअर नाहीत, हातानं दाबायचा क्लच नाही. वेग वाढला की आतला क्लच आपोआप पकडतो. चेतकचं वजन शंभर किलोच्या पुढे, लूना एका माणसानं उचलून ओट्यावर ठेवावी अशी. ज्याला सायकल येते त्याला लूना आलीच.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1973 मध्ये, अरब देशांनी तेलपुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. पेट्रोल भडकलं. ज्या गाडीचं सगळं सामर्थ्य थेंबभर पेट्रोलवर चालण्यात होतं, तिच्यासाठी ही वेळ अनुकूल ठरली. याला नशीबही म्हणता येईल, पण नशिबाच्या वेळी माल तयार असावा लागतो आणि तो तयार होता.

परवडणं कशाकशानं बनतं

स्वस्त गाडीबद्दल बोलताना आपण शोरूमच्या किमतीवर अडकतो. लूनाचा जमाखर्च मांडला तर दिसतं की किमतीइतकंच वजन इतर गोष्टींना होतं.

पहिली म्हणजे वाट पाहण्याचा खर्च. ज्याला आज कामावर जायचंय त्याला आठ वर्षांनी मिळणारी स्कूटर स्वस्त पडत नाही. तोवरचं बसभाडं, चुकलेल्या बसमुळे बुडालेला अर्धा दिवस आणि घरापासून लांबची म्हणून सोडलेली बरी नोकरी हे सगळं त्या स्कूटरच्या किमतीत मिळवायला हवं. लूनाला इतकं थांबावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट दुरुस्ती. लूनाचं बरंचसं दुखणं सायकलच्या दुकानातच बरं होई. पंक्चर, चेन, ब्रेकची केबल ही कामं तिथलीच. राहिलेल्यापैकी बहुतेक दुखणी प्लगची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असल्यामुळे प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये कार्बन धरतो. प्लग काढायचा, तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं घासायचा, परत बसवायचा. घरातला शाळकरी मुलगाही हे शिकायचा. आणि रस्त्यात पेट्रोल संपलं तर पायडल होतेच. ही गाडी माणसाला वाटेत अगदीच असहाय करत नव्हती. महिनाअखेरीला खिशात मोजके पैसे असणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे, कारण त्याला सरासरी खर्चापेक्षा अचानक येणाऱ्या खर्चाचीच जास्त भीती असते.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडी कोण कोण चालवू शकतं. चेतक घरात आली की ती घरातल्या कर्त्या पुरुषाची होई. ती कलती करून किक मारायची आणि डाव्या मुठीत गिअर फिरवायचे, याची सवय सगळ्यांना नव्हती. लूना नेसत्या पातळावर बसून चालवता येत होती. शिक्षिका, नर्स, टेलिफोन खात्यातल्या आणि बँकेतल्या बायका लूनावर दिसू लागल्या. घरातली एकच गाडी सकाळी वडील, दुपारी मुलगी आणि संध्याकाळी आई वापरते तेव्हा तिची किंमत तिघांत वाटली जाते. कुठल्याही जाहिरातीत न मांडलेला हा हिशेब मला लूनाचं सगळ्यात मोठं काम वाटतो. पुण्यात आज बायका ज्या सहजतेनं दुचाकी चालवतात, त्या सहजतेची सुरुवात बऱ्याच घरांत या मोपेडवर झाली.

गाडी चालवण्याच्या परवान्याचाही भाग होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार 50 सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळा पूर्ण झाल्यावर चालवता येते, बाकी खासगी गाड्यांसाठी अठरा पूर्ण लागतात. अकरावीतल्या मुलामुलींना मोपेड कायदेशीर मिळत होती ती याच वाटेनं. ही तरतूद अजून पुस्तकात आहे, पण शोरूममध्ये 50 सीसीची पेट्रोल गाडीच उरलेली नाही. आजचा सोळा वर्षांचा मुलगा विनापरवाना मोठी स्कूटर घेऊन क्लासला जातो, त्याच्या मागे हेही एक कारण आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसरी सीट

1980 मध्ये होसूरहून टीव्हीएस 50 आली. दोघांना बसता येईल अशी भारतातली पहिली मोपेड, अशी तिची ओळख होती. वरवर पाहता फरक छोटा, एक सीट जास्त. पण दोन माणसांचं वजन पेलायचं तर चासी तशी लागते, मागचं चाक, स्प्रिंग, कॅरिअर सगळं तसं लागतं. आणि जी गाडी मागे माणूस नेऊ शकते ती मागे पोतंही नेऊ शकते. माझ्या मते या प्रकरणाची कळ इथे आहे. लूनाचा जन्म एका माणसाला ‘नेण्यासाठी’ झाला होता, टीव्हीएस 50 सुरुवातीपासून ‘वाहण्याकडे’ झुकलेली होती.

लूनानंही पुढे अंग धरलं. सुपर, डबल प्लस, मॅग्नम अशी तिची रूपं निघाली. ऐंशीच्या दशकात ओगिल्वी या जाहिरात कंपनीच्या पियूष पांडे यांची ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात घराघरांत पोचली. त्याच दशकात लुधियानाच्या हीरो मॅजेस्टिकचा धंदा जोरात होता आणि बजाजनं आधी एम-50 आणि मग एम-80 काढली. ग्रामीण महाराष्ट्रात एम-80 नं जे राज्य केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून उसाच्या सऱ्यांमधून येणारी एम-80 हे पश्चिम महाराष्ट्रातलं नेहमीचं दृश्य होतं. ओझ्याचा बाजार किती मोठा आहे हे तिनं दाखवून दिलं होतं.

वर सरकणारं गिऱ्हाईक

लूनाचा खरा आधार शहर आणि तालुक्याची गावं. तिथल्या गिऱ्हाइकाचा एक स्वभाव असतो. पगार वाढला की तो वर सरकतो. आणि त्याला वर न्यायचं काम सगळ्यात आधी कायनेटिकनंच केलं. 1984 मध्ये होंडाशी भागीदारी करून कंपनीनं कायनेटिक होंडा आणली. 98 सीसी, बटणावर चालू होणारी, गिअर नसलेली. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला ती बनायची. ती उत्तमच गाडी होती आणि पुण्याच्या मध्यमवर्गात तिला मान होता. पण लूनावर शिकलेली मुलगी नोकरीला लागली की तिला आता काय घ्यायचं हे कंपनीनं स्वतःच दाखवून दिलं होतं.

मग 1990 मध्ये बजाजची सनी आली, पुढच्या काही वर्षांत टीव्हीएसची स्कूटी आली. 1991 नंतर परवाना राज गेलं, रांगा गेल्या, आणि लूनाचा पहिला मोठा फायदा तिथेच संपला. आता कुठलीही गाडी शोरूममध्ये उभी होती आणि हप्त्यावर मिळत होती. रोख पैसे मोजणाऱ्याला दोन गाड्यांतला दहा हजारांचा फरक डोंगराएवढा वाटतो, हप्त्यात तोच फरक महिन्याला काही शे रुपयांचा होतो. हप्त्यामुळे महाग गाडी स्वस्त झाली नाही, पण ती आवाक्यातली वाटू लागली, आणि शहरात मोपेडला खरा धक्का यानंच बसला.

प्रदूषणाचे नियम 1991 पासून सुरू झाले, 1996 मध्ये आवळले, 2000 मध्ये आणखी कडक झाले. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो आणि ऑइलही जळतं, त्यामुळे या नियमांचा सगळ्यात मोठा भार टू-स्ट्रोक मोपेडवरच पडणार होता. नियम योग्य होते. डेक्कन किंवा स्वारगेटच्या सिग्नलला तो निळसर धूर ज्यांनी खाल्ला आहे, ते त्याबद्दल हळहळणार नाहीत.

1998 मध्ये होंडा कायनेटिकमधून बाहेर पडली. पुढे होंडानं मानेसरला स्वतःचा कारखाना काढला आणि 2001 मध्ये ॲक्टिव्हा बाजारात आणली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं न लागणारी फोर-स्ट्रोक, पत्र्याची, टिकाऊ. कालचा भागीदार आजचा प्रतिस्पर्धी झाला, आणि तोही लूना-कायनेटिकच्याच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून. 2008 मध्ये फिरोदियांचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. लूना त्याआधीच थांबली होती.

लूना जुनी झाली म्हणून गेली, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. टीव्हीएसची मोपेडही घडणीनं तितकीच जुनी होती. शहरातलं गिऱ्हाईक स्कूटरवर गेलं आणि गावातल्या ओझ्यासाठी लूना पहिली पसंती कधीच नव्हती, हे तिच्या जाण्याचं कारण.

ओझ्यानं तारलेली गाडी

कुठल्याही तालुक्याच्या आठवडी बाजाराला सकाळी लवकर जाऊन पाहावं. एक्सएलची मागची सीट काढून टाकलेली असते आणि तिथे भाजीचे क्रेट रचलेले असतात. पुढच्या मोकळ्या जागेत कांद्याचं पोतं उभं असतं. पाववाल्याचा पेटारा, चाऱ्याचा भारा, फवारणीचा पंप, प्लास्टिकच्या बादल्या-टोपल्यांचा ढीग, भंगारवाल्याचा तराजू हे सगळं याच गाडीवर. कंपनीनं मागची सीट काढता येईल अशीच ठेवली आहे आणि पुढे सपाट मोकळी जागा राखली आहे. गिऱ्हाईक गाडीचं काय करतं हे बघून गाडी बनवली की ती अशी बनते.

स्कूटर इथे का चालत नाही, तर एक कारण चाकांचं. एक्सएलला सोळा इंची चाकं आहेत, स्कूटरची चाकं दहा-बारा इंची. खडीच्या रस्त्यावर, बांधावरच्या वाटेवर आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यात मोठं चाक तरून जातं, छोटं चाक अडकतं. दुसरं, स्कूटरचं अंग झाकलेलं असतं. बाजूचं पॅनल फुटलं की खर्च. एक्सएलला फुटण्यासारखं फारसं काही नाही. तिसरं, चिखलातून ओझं घेऊन जाताना दोन्ही पाय जमिनीला टेकवत जाता येतं, आणि गिअर नसल्यामुळे लक्ष फक्त तोल आणि ब्रेकवर राहतं.

तरी ही गाडीही सुटली नसती. टू-स्ट्रोक ठेवून चालणार नाही हे टीव्हीएसनं वेळेत ओळखलं आणि 2015 मध्ये 99.7 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन घातलेली एक्सएल 100 काढली. ऑइल मिसळणं गेलं, धूर गेला, पण चाकं, मोकळी जागा आणि काढता येणारी सीट राहिली. काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याची एवढी अचूक निवड आपल्या वाहन उद्योगात क्वचित दिसते.

एका गोष्टीचा मला राग आहे आणि तो इथे नोंदवतो. गेल्या दहा वर्षांत स्वस्त गाडीची किमान किंमत सरकत वर गेली. 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. 2019 मध्ये 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची यंत्रणा सक्तीची झाली. 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे आणखी कडक नियम आले आणि कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. यातलं एकही पाऊल चुकीचं नाही, सुरक्षितता आणि हवा दोन्ही हवीच. पण काही हजारांची वाढ लाखाच्या मोटारसायकलवर थोडी दिसते आणि चाळीस हजारांच्या मोपेडवर फार दिसते. त्यावर 28 टक्के जीएसटी, म्हणजे भाजीवाल्याच्या एक्सएललाही चैनीच्या मोटारसायकलसारखाच मूळ दर. हा दर 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. ओझं वाहून पोट भरणाऱ्याच्या गाडीला याहून आधी सवलत द्यायला हवी होती.

आता परत लूना

फेब्रुवारी 2024 मध्ये फिरोदिया घराण्यातल्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीन कंपनीनं ई-लूना आणली. सुरुवातीची किंमत 69,990 रुपये, बॅटरी 2 किलोवॉट तासांची, एका चार्जमध्ये 110 किलोमीटरचा कंपनीचा दावा, आणि दीडशे किलो ओझं वाहण्याची क्षमता. मोठी चाकं, पुढे मोकळी जागा, काढता येणारी मागची सीट. जुन्या लूनाचं नाव आणि एक्सएलचं काम, अशी ही गाडी आहे. या प्रकरणाचा धडा कंपनीनं स्वतःच गिरवलेला दिसतो.

एखाद्या फिरत्या विक्रेत्याचा हिशेब मांडू. रोज 30 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 750 किलोमीटर. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरलं आणि ओझ्यासह मोपेडचा ॲव्हरेज 60 धरला, तर साडेबारा लिटर, साधारण 1,310 रुपये. 45 चा ॲव्हरेज देणारी स्कूटर असेल तर 1,750. ई-लूना ओझ्यासह कंपनीच्या दाव्याइतकी न जाता 80 किलोमीटरच जाते असं धरू. मग महिन्याला नऊ-दहा वेळा पूर्ण चार्ज, वाया जाणारी वीज धरून 22 युनिट, दहा रुपये दरानं 220 रुपये. मोपेडच्या तुलनेत महिन्याला हजार-अकराशे वाचले. वर्षाला बारा-तेरा हजार. किमतीतला वीस-पंचवीस हजारांचा फरक दोन वर्षांत भरून निघतो.

पण हा कागदावरचा हिशेब आहे. लूनाच्या जमाखर्चात ज्या बाकीच्या गोष्टींनी बाजी मारली होती त्या इथे पुन्हा तपासाव्या लागतील. गावात रात्री लोडशेडिंग असेल तर सकाळी बाजाराला निघताना बॅटरी भरलेली असेल का? वाटेत चार्ज संपला तर पायडल नाहीत, बाटलीभर पेट्रोल आणून काम भागत नाही. मोटारीला वीज पुरवणारा कंट्रोलर बिघडला तर सायकलवाला तो उघडणार नाही. आणि काही वर्षांनी बॅटरी दमली की नवी घ्यायला एकरकमी पैसे लागतील, तेही अशा माणसाला ज्याची सगळी बचत रोजच्या रोज संपते. महिन्याला वाचलेल्या हजारातले तीन-चारशे रुपये पहिल्या दिवसापासून बाजूला टाकले तर हा खर्च झेपतो. गाडीच्या कर्जासोबतच बॅटरीचं आवर्ती खातं उघडून द्यायचं काम पतसंस्थांना आणि जिल्हा बँकांना सहज जमण्यासारखं आहे, आणि तालुक्याच्या आयटीआयमधून मोटार आणि कंट्रोलर दुरुस्त करणारी मुलं बाहेर पडली तर सायकलवाल्याची जागा भरून निघेल. ही दोन्ही कामं कारखान्याच्या बाहेरची आहेत.